घोणस चावल्यावर डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं का थांबतात?

जुलै महिना. वेल्हे तालुक्यात (ज्याचं नाव आता राजगड झालंय) धो-धो पाऊस सुरू असतो. तोरणा ढगात बुडालेला असतो आणि खाली खाचरांमध्ये भाताची लावणी चाललेली असते. अशात बांधावरून जाताना गवतातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येतो आणि काही कळायच्या आत घोट्याला चावा बसतो. घोणस!

माणसाला कसंबसं गाडीवर घालून दवाखान्यात आणलं जातं. डॉक्टर शिरेतून साधारण २ मिली रक्त काढतात, काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत सोडतात आणि नळी उभी ठेवून घड्याळ बघतात. पुढची २० मिनिटं त्या नळीला कुणीही हात लावायचा नाही.

बाहेर नातेवाईकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. "लस टोचायची सोडून हे रक्त काय बघत बसलेत?" असा आवाजही चढतो.

पण ती साधी नळी खूप मोठी गोष्ट सांगत असते. विषाने रक्ताचं नेमकं काय केलंय, हे तिच्यातून कळतं. ही चाचणी समजून घ्यायची तर आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. काचेत काही मिनिटांत गोठणारं रक्त आपल्या शिरांमध्ये जन्मभर पातळ कसं राहतं?

काचेत नसलेली गोष्ट शिरेत असते

निरोगी माणसाचं रक्त काचेच्या नळीत ठेवलं तर साधारण ५ ते १५ मिनिटांत त्याची गुठळी होते. एकतर काचेचा पृष्ठभागच रक्त गोठण्याच्या साखळीला चालना देतो. आणि दुसरं म्हणजे, ही साखळी एकदा सुरू झाली की तिला आवर घालणारं काचेत काहीच नसतं.

शिरेत असं आवर घालणारं अस्तर असतं. कोटाला आतून जसं अस्तर लावलेलं असतं, तसंच प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं अस्तर असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. फक्त एका पेशीच्या जाडीचं हे अस्तर हृदयापासून पायाच्या बोटापर्यंत सगळीकडे पसरलेलं असतं.

बरीच वर्षं शास्त्रज्ञांना वाटायचं की हे अस्तर म्हणजे पाइपच्या आतल्या गुळगुळीत लेपासारखं काहीतरी आहे. रक्त वाहतं, लेप आपला गप्प बसतो. प्रत्यक्षात हे अस्तर क्षणोक्षणी काम करत असतं आणि त्याचं बरंचसं काम एन्झाइम्स करतात. मराठीत त्यांना विकरं म्हणतात. एन्झाइम म्हणजे एका पदार्थाचे तुकडे करणारं किंवा त्यापासून दुसरा पदार्थ बनवणारं प्रथिन. कामात ते स्वतः संपत नाही, त्यामुळे थोडंसं एन्झाइमही भरपूर काम करतं.

पहिला पहारेकरी : हाक मिटवणारा

लावणी करताना विळ्याने बोट कापलं असं समजा. जखमेपाशी प्लेटलेट्स गोळा होतात. पहिल्या आलेल्या प्लेटलेट्स एडीपी नावाचं रसायन सोडतात. ही त्यांची हाक असते, "इकडे या, भोक पडलंय!" हाक ऐकून आणखी प्लेटलेट्स येतात, त्याही हाका मारतात, आणि बघता बघता जखमेवर बूच बसतं.

हे चांगलंच आहे. पण ही हाक रक्ताबरोबर वाहत पुढे गेली तर? जिथे जखमच नाही तिथेही प्लेटलेट्स चिकटायला लागतील.

म्हणून अस्तराच्या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूवर सीडी ३९ नावाचं एन्झाइम बसवलेलं असतं. एडीपी समोर आलं की ते त्याचे तुकडे करतं. हाक तिथेच मिटते. शेजारी सीडी ७३ नावाचं दुसरं एन्झाइम असतं. ते उरलेल्या तुकड्यापासून अॅडेनोसिन बनवतं आणि हे अॅडेनोसिन प्लेटलेट्सना शांत करतं. अस्तरावर बसून एडीपी फोडणारं हे एन्झाइम म्हणजेच सीडी ३९, हे अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं.

ही हाक किती महत्त्वाची असते, हे अँजिओप्लास्टी झालेल्या कुठल्याही घरात बघता येईल. डॉक्टरांनी 'रक्त पातळ करायला' दिलेली क्लोपिडोग्रेल ही गोळी रक्त खरंतर पातळ करत नाही. ती प्लेटलेट्सचे एडीपी ऐकणारे कान बंद करते.

दुसरा पहारेकरी : वायू बनवणारा

न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या रक्तवाहिनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. एक रसायन टाकल्यावर कधी पट्टी सैल पडायची, तर कधी पडायचीच नाही. कारण साधं निघालं. पट्टी कापताना आतलं अस्तर खरवडलं गेलं असेल तर ती सैल पडत नव्हती. म्हणजे 'सैल हो' हा निरोप अस्तराकडून येत होता. हे त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलं.

तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साईड हा वायू आहे, हे पुढे कळलं. अस्तरातलं एक एन्झाइम आर्जिनीन या अमिनो आम्लापासून तो बनवतं. काही सेकंदच टिकणारा हा वायू रक्तवाहिनी सैल ठेवतो, प्लेटलेट्सना चिकटू देत नाही आणि पांढऱ्या पेशींनाही अस्तरापासून लांब ठेवतो. या शोधासाठी १९९८ चं वैद्यकातलं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना मिळालं.

याच कामातला त्याचा जोडीदार म्हणजे प्रोस्टासायक्लिन. तेही अस्तरातलीच एन्झाइम्स बनवतात. ब्रिटनमध्ये जॉन व्हेन यांच्या गटाने ते १९७६ मध्ये शोधलं.

तिसरा पहारेकरी : शत्रूला आपल्या बाजूला वळवणारा

प्लेटलेट्सचं बूच कच्चं असतं. ते पक्कं करायला फायब्रिनच्या धाग्यांची जाळी लागते. ही जाळी विणायला लावणारं एन्झाइम म्हणजे थ्रॉम्बिन. रक्त गोठवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही.

हेच थ्रॉम्बिन वाहत वाहत शाबूत अस्तरापाशी पोचलं की तिथलं थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि त्याचं कामच बदलून जातं. जाळी विणायचं सोडून ते 'प्रोटीन सी' ला जागं करतं. जागं झालेलं प्रोटीन सी गोठण्याच्या साखळीतल्या दोन कड्या तोडून टाकतं. म्हणजे जखमेपाशी रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन जखमेच्या पलीकडे गोठणं थांबवायला मदत करतं.

चौथा पहारेकरी : गुठळी विरघळवणारा

एवढं करूनही कुठे गुठळी झालीच तर अस्तर टीपीए नावाचं एन्झाइम सोडतं. त्याच्यामुळे प्लाझमिन तयार होतं आणि ते फायब्रिनचे धागे कापायला लागतं. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या साडेचार तासांत 'गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन' देतात, ते याच टीपीएचं कारखान्यात बनवलेलं रूप असतं. आणि कापलेल्या धाग्यांचे जे तुकडे रक्तात सापडतात, त्यांचं नाव कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलं. डी-डायमर.

थोडक्यात, अस्तराचं काम खाचराच्या मालकासारखं असतं. पाणी कुठे अडवायचं आणि बांध फोडून कुठे सोडायचं, हे त्याला पावसाबरोबर सतत ठरवत राहावं लागतं.

सूज आणि गुठळी यांचा काय संबंध?

हेच अस्तर दाहही सांभाळतं. दाह म्हणजे लाली, सूज, उष्णता, वेदना. शरीरात जंतू शिरले किंवा पेशी फुटल्या की पांढऱ्या पेशींना तिथे बोलावण्याची ही सोय आहे.

फुटलेल्या पेशींमधून एटीपी बाहेर पडतं आणि धोक्याची घंटा वाजते. ती घंटाही सीडी ३९ च बंद करतं. शेवटी जे अॅडेनोसिन तयार होतं, ते प्लेटलेट्सना शांत करतं आणि पांढऱ्या पेशींनाही. म्हणजे गोठणं आणि दाह या दोन्ही गोष्टींचा एक लगाम एकाच एन्झाइमच्या हातात आहे.

म्हणूनच एक बिघडलं की दुसरंही बिघडतं. मोठ्या संसर्गात दाहाची रसायनं अस्तरावर आदळत राहिली की अस्तराची बाजूच पालटते. सीडी ३९ चं काम मंदावतं, थ्रॉम्बोमोड्युलिन कमी होतं, पेशींमधल्या फटी उघडतात आणि पांढऱ्या पेशींना धरणारे हात वर येतात. गोठण्याला आळा घालणारं अस्तर आता गोठायला मदत करू लागतं.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. आजार फुप्फुसाचा, मग डॉक्टर डी-डायमर का तपासतात आणि पोटात हेपॅरिनची इंजेक्शनं का देतात, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. त्याचं उत्तर हेच होतं. गंभीर कोरोनात फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावलं जायचं आणि आत गुठळ्या व्हायच्या.

आता घोणस काय करते ते बघा

घोणसचं विष म्हणजे मुख्यतः एन्झाइम्सचंच मिश्रण असतं. आपल्या अस्तराने जो तोल सांभाळलेला असतो, त्यावर हे मिश्रण तीन बाजूंनी हल्ला करतं.

एक. विषातली काही एन्झाइम्स रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकाला थेट चालू करतात. कुठेही जखम नसताना अख्ख्या शरीरात 'गोठा, गोठा' असा हुकूम सुटतो आणि फायब्रिनच्या बारीक जाळ्या जागोजागी विणल्या जाऊ लागतात.

दोन. शरीर गप्प बसत नाही. प्लाझमिन या जाळ्या कापत सुटतं. एकीकडे विणणं, दुसरीकडे कापणं. या झटापटीत फायब्रिन बनवायचा कच्चा मालच संपतो. या कच्च्या मालाला फायब्रिनोजेन म्हणतात. थोड्याच वेळात रक्तात गोठायला काही उरतच नाही. गोठवणाऱ्या विषाने रक्त गोठेनासं होतं, ते असं.

तीन. विषातली आणखी काही एन्झाइम्स अस्तराला धरून ठेवणारा खालचा थर कापतात. भिंतीचा पाया निसटला की बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. आता भोकं आहेत आणि बुजवायला सामान नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त येतं. पाय सुजून टम्म होतो. मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

मग त्या २० मिनिटांत काय कळतं?

काचेच्या नळीत अस्तर नसतं, पहारेकरी नसतात. त्यामुळे रक्तात फायब्रिनोजेन शिल्लक असेल तर ते तिथे गोठणारच. २० मिनिटांनी डॉक्टर नळी एकदाच आडवी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने सगळा कच्चा माल खाल्लेला आहे. आपल्याकडे हा निकाल आला की घोणस किंवा फुरशाच्या विषाची बाधा धरून प्रतिविष सुरू करतात.

यासाठी मशीन लागत नाही, वीजही लागत नाही. पावसाळ्यात लाइट गेलेल्या गावातल्या आरोग्य केंद्रातही ही चाचणी होऊ शकते. नळी मात्र काचेचीच हवी. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी रक्तही वेळेवर गोठत नाही आणि निकाल चुकतो.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात. एक, विषबाधेची लक्षणं उघड दिसत असतील, कुठूनही रक्त येत असेल, तर डॉक्टर नळीची वाट न बघता प्रतिविष सुरू करतात. दोन, नळीत रक्त गोठलं म्हणजे धोका टळला असं नाही. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर काम करतं. तिथे रक्त छान गोठतं, पण पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि श्वास बंद पडू शकतो. घोणसच्या बाबतीतही विष हळूहळू भिनतं, म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा करतात.

प्रतिविष दिल्यावर पुढची चाचणी साधारण ६ तासांनी होते. तेही उगाच नाही. प्रतिविष रक्तातल्या विषाला निकामी करतं, पण संपलेलं फायब्रिनोजेन परत आणत नाही. ते यकृताला नव्याने बनवावं लागतं आणि त्याला तेवढा वेळ लागतो.

विषातूनच औषधं

या सापांनी डॉक्टरांना बरंच शिकवलंय. १९३४ मध्ये लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर घोणसचं खूप पातळ केलेलं विष लावून रक्त थांबवलं होतं. आजही वारंवार गर्भपात होणाऱ्या महिलांची जी एक रक्त तपासणी करतात, तिच्यात घोणसचं विष वापरतात.

फुरशाच्या विषातलं एक प्रथिन प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याची नक्कल करून टिरोफिबान हे हृदयविकारातलं औषध बनलं. आणि अस्तरावरच बसलेलं एसीई नावाचं एन्झाइम रक्तदाब वाढवतं, दाहालाही खतपाणी घालतं. ते रोखणारं पहिलं तोंडाने घ्यायचं औषध म्हणजे कॅप्टोप्रिल. त्याचा धागा ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषातून मिळाला होता. रामिप्रिल, एनालाप्रिल ही आज घराघरात दिसणारी बीपीची औषधं त्याच घराण्यातली.

वेल्ह्यात, भोरमध्ये, कुठेही चावा बसला तर

२००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलाय. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यात आणि पावसाळ्याच्या आगेमागे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे.

आपल्या भागात या विषयावर आयुष्य घालवलेली माणसंही आहेत. भोरहून वरंध घाट उतरलं की महाड. तिथले डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंश आणि सर्पदंशावरचं काम जगभर पोचलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आधी काय होतं, यावर बरंच अवलंबून असतं. रक्त आणि अस्तराची ही गोष्ट कळली की पुढच्या सूचनांमागचं कारणही कळतं.

- चाव्यावर ब्लेडने कापू नका. रक्त गोठणं बंद झालेलं असेल तर तुम्ही केलेली जखमच जीव घेऊ शकते.
- दोरी, रुमाल करकचून बांधू नका. सुजलेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाय गमवायची वेळ येते.
- दुखतंय म्हणून अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या देऊ नका. त्या प्लेटलेट्सना आणखी दुबळं करतात. हे फार कमी जणांना माहीत असतं.
- अंगठी, पैंजण, जोडवी, घड्याळ लगेच काढा. सूज चढल्यावर ती निघत नाहीत.
- पाय हलवू नका. लाकडी फळीचा आधार द्या, माणसाला उचलून न्या, चालवू नका.
- साप मारण्यात, शोधण्यात वेळ घालवू नका. चावल्याची वेळ मात्र लक्षात ठेवा.
- १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. थेट पुणे गाठायच्या नादात पन्नास-साठ किलोमीटरचा घाटवळणाचा रस्ता उपचाराविना काढू नका.
- मांत्रिक, जडीबुटी, उतारा यात जाणारी मिनिटं परत येत नाहीत. तेवढ्या वेळात फायब्रिनोजेन संपत असतं.

आणि लावणी-कापणीच्या दिवसांत पायात गमबूट, अंधारात हातात बॅटरी. घोणसचे बरेचसे चावे पायालाच बसतात.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर काचेची नळी उभी करून घड्याळ बघताना दिसले, तर चिडू नका. त्या २० मिनिटांत नळीजवळ कुणाचा धक्का लागणार नाही, एवढं बघा. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना करता येण्यासारखी ती मोठी मदत आहे.